बाहेरचा जिना

बोलण्याआधी ती तळहात पालथा करून हवेत धरायची, चटका बघितल्यासारखा. मग विचारायची, "सर, ऊन कोठे शे?"

सुरतेत लिंबायतमधल्या आमच्या मराठी हायस्कूलमागच्या गल्लीत ती राहायची. खानदेशी घरांतून उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे होतात, तुम्ही पाहिले असतील. शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर थापायचं आणि कडक वाळवायचं. गल्लीत घराला घर लागलेलं, ऊन येणार कुठून? म्हणून सुट्टीत शाळेची गच्ची बायकांची आणि ती त्यांची पुढारी. मी मुख्याध्यापक. पहिला बिबडा भाजून माझ्या टेबलावर यायचा. "मीठ जास्त शे, पन सांगू नका."

मी निवृत्त झाल्यावर शाळा नव्यानं बांधायचं ठरलं. सभागृह, वाचनालय, गच्ची शाळा सुटल्यावर वस्तीलाही वापरता येणार होती. समितीचा प्रमुख मी. कुंपण सरकवायला गल्लीतले ओटे तोडावे लागणार होते आणि लोक तयार नव्हते. गल्लीतल्यांना बोलावून आर्किटेक्टनं नकाशा पसरला. तिनं त्यावर पालथा हात धरला. "आठे ऊन कोठे शे?"

सगळे हसले. मी गच्चीवर बोट ठेवलं. "इथे. गल्लीतून थेट वर जिना देतो, ताई. माझा शब्द."

त्या शब्दावर ती घरोघर फिरली. पहिला ओटा स्वतःचा तोडू दिला.

शेवटच्या बैठकीत आर्किटेक्टनं विचारलं, "बाहेरचा जिना ठेवायचा ना?" माझ्या डोळ्यांपुढे नवी इमारत आली, बघायला आलेले पाहुणे आले, आणि गच्चीवर बिबड्यांसाठी पसरलेली जुनी लुगडी. मला लाज वाटली. म्हणालो, "गल्लीला तो नकोय."

उद्घाटनाच्या भाषणातही तेच बोललो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी गल्लीनं आपणहून जिना सोडला म्हणून आभार मानले. ती समोरच बसली होती. टाळ्या वाजल्या, तेव्हा बायका माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, हिनंच परस्पर कबूल केलं.

मग नळावर टोमणे सुरू झाले. "काय वं, सरना जिना चढी उनी का?" चढून आलीस का, म्हणून.

"ऱ्हाऊ दे वं," एवढंच ती म्हणायची. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही.

नवी इमारत उंच. होतं तेवढंही ऊन तिनं अडवलं. पुढच्या उन्हाळ्यात ती दाराशी एकटीच खाटेवर बिबडे घालून बसलेली दिसली. मी थांबलो. बोलायचंच होतं. तिनं पालथा हात धरला. "ऊन गयं, सर." आणि खाट ओढू लागली. मी दुसरं टोक धरलं. तेवढंच केलं.

यंदा थंडीत ती गेली. गल्ली दारात जमली होती. तेव्हाही मी गप्प राहिलो.

म्हणून इथे लिहितो. गल्लीनं जिना सोडला नव्हता. तिनं तर नाहीच. तो मी काढून टाकला.

गच्चीला कुलूप असतं. परवा किल्ली मागून वर गेलो. चपलेतूनही चटका बसत होता. खाली गल्लीत सावली. तिच्या दाराशी खाट भिंतीला उभी टेकवलेली होती.