एकदाही वर ओढायचा नाही

खांद्यावर काहीही नसताना कपडा अंगावर राहतो कसा, हा प्रश्न मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पडला. त्याआधी पडायचं कारणच नव्हतं. पोलकी, ब्लाउज, पंजाबी ड्रेस, माझं सगळं शिवणकाम खांद्यापासून सुरू व्हायचं. सांगलीच्या शिवणवर्गात बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "खांदा बसला की कपडा बसला." आणि इथे माझ्या मुलीला खांदाच नको होता.

आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहतो. शेवटची परीक्षा पार पडली की तिच्या शाळेचा गाला, म्हणजे निरोपाचा नाचसमारंभ, असतो. मुलं नटूनथटून येतात आणि आईबाप, शेजारीपाजारी रस्त्याच्या कडेला उभे राहून ती वरात बघतात. दुकानातला एकही ड्रेस हिच्या मनास येईना. एक फार चकचकीत, दुसरा म्हणे पडद्यासारखा. शेवटी मी फुशारकी मारली, "त्यात काय एवढं? मी शिवते."

ती म्हणाली, "ओके. पण एक कंडिशन. मला तो एकदाही वर ओढायला लागला नाही पाहिजे. सगळ्या मुली सारख्या ओढत असतात, आई. इट्स सो अग्ली."

"कबूल," मी म्हणाले. कबूल म्हणायला काय जातं!

पहिला नमुना जुन्या चादरीचा केला. माप माझ्या सवयीने घेतलं, टेपच्या आत दोन बोटं घालून, आणि वर अर्धा इंच वाढत्या अंगाचा. मुलगी अठरा वर्षांची, आता कुठे वाढणार होती? पण हाताला सवय. टी-शर्टवरच तिला तो चढवला, दिवाणखान्यात मधोमध उभं केलं आणि म्हटलं, "हात वर कर."

तिने हात वर केले आणि चादर थेट पायांशी.

सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माझ्या नवऱ्याने मान वर केली. "दोन पट्ट्या लाव की खांद्याला. विषय संपला."

"बाबा!"

"तू तुझी मीटिंग कर," मी त्याला म्हणाले. पण चादर उचलून मी उलटसुलट करून बघितली. मला आता रागापेक्षा उत्सुकता जास्त वाटत होती. बाकीच्यांचे मग राहतात कसे?

शनिवारी आइंडहोव्हनला जाऊन पार्टीच्या कपड्यांच्या एका दुकानात शिरले. तीन स्ट्रॅपलेस ड्रेस उचलले, ट्रायल रूमचा पडदा ओढला आणि तिन्ही उलटे केले. बाहेरून विक्रेत्या मुलीने डचमध्ये विचारलं, "बसतोय का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी फक्त आतून बघतेय."



आत काय नाटक होतं म्हणून सांगू! अस्तरात ताठ, उभ्या पट्ट्या शिवलेल्या. आणि कमरेशी एक रुंद, जाड फीत, ड्रेसला चारच ठिकाणी टाचलेली, तिचा हूक वेगळा. मी ती फीत माझ्या कुर्त्यावरून कमरेला आवळली, आणि वरचा सगळा ड्रेस पट्ट्यांच्या जोरावर उभा राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडीचं तरी वेगळं काय? सगळा भार परकराच्या नाडीवर, पदर नुसता मिरवायला. हा कपडा वरून टांगलेला नसतोच, कमरेवर उभा केलेला असतो. मी एकटीच मोठ्याने हसले. पडद्याबाहेरची पावलं जरा लांब गेली.

मग बाटलीसारखं हिरवं सॅटिन आणलं, पट्ट्या आणल्या, फीत आणली. मापं पुन्हा घेतली, या वेळी बोटं बाहेर ठेवून.

"श्वास सोड."

"सोडला."

"अजून सोड."

"आई, मी मरेन."

दर दोन दिवसांनी ड्रेस उलटा करून तिच्या अंगावर घालायचा, जिथे सैल तिथे टाचणी लावायची. मग परीक्षा: हात वर, खाली वाक, खुर्चीत बस, उठ.

"आता शिंक."

"शिंक कशी येणार अशी?"

"खोटी दे."

तिने एवढी जोरात दिली की वरच्या मजल्यावरून तिच्या बाबाने शिंकेला म्हणायचं डच "खेझोंटहाइट" म्हटलं. ड्रेस हलला नाही.

तरी गाला दोन दिवसांवर आला आणि माझाच धीर सुटला. तिला न सांगता मी आतल्या बाजूला पट्ट्या अडकवायला चार बारीक फासे शिवले आणि खांद्यावरून घ्यायच्या पारदर्शक पट्ट्या तिच्या पर्समध्ये टाकल्या. शेवटच्या ट्रायलला तिची बोटं काठावरून फिरली आणि थांबली.

"हे काय आहे?"

"काही नाही गं. अडीनडीला."

तिने काठ सोडला. मग, एरवी निम्मं इंग्रजी मिसळणारी माझी मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली, "म्हणजे तुलाच खात्री नाही."

मी कात्री घेतली आणि चारही फासे कापले.

"आता पडला तर दोघींचा पडला," मी म्हणाले.

ती हसली. पर्समधल्या पट्ट्या तिने स्वतःच कचऱ्यात टाकल्या.

गालाच्या संध्याकाळी ऊन चांगलं लख्ख होतं. कोणी जुन्या मोटारीतून आलं, कोणी सामानाची पेटी लावलेल्या सायकलीत बसून. आमची स्वारी मैत्रिणींसोबत ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीवर. मुली एकेक करून उतरत होत्या. तीन पावलं चालायचं, वर ओढायचं. तीन पावलं, वर ओढायचं. ट्रॉली उंच. हिने दोन्ही हातांनी डोक्यावरचा दांडा धरला आणि खाली उडी मारली. हिरवा काठ जागच्या जागी. चालता चालता तिचा उजवा हात छातीकडे निघाला आणि मी व्हिडिओ घेणारा फोन तिथेच रोखून धरला. हात पुढे मानेपर्यंत गेला. डास चावला होता. दारापाशी तिने वळून आम्हाला शोधलं आणि दोन्ही हात उंच केले.

"अगं, ती आपल्याकडे बघतेय," नवरा म्हणाला.

"थांब रे, हात बघू दे."

दुसऱ्या दिवशी तिने मी काढलेला व्हिडिओ बघितला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गळ्यापासून कमरेपर्यंतची एक हिरवी चौकट, त्यात अधूनमधून हात येऊन जातात.

"आई, माझं डोकं कुठे आहे?"

"ते रोजच दिसतं. ड्रेस बघ."

तिने पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितला. "आत डान्स करताना पण नाही ओढला," ती म्हणाली. "एकदा पण नाही." मग फोन परत देत म्हणाली, "सांगलीला आजीला पाठव. पण तिला सांग, डोकं होतं."