बाईंची सावड

आमच्या गणिताच्या बाईंइतकं वाईट रीतीनं फुलं तोडणारं माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात दुसरं झालं नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि त्यांच्यामुळं जितक्या घरांतल्या मुली शिकल्या, तितक्या दुसऱ्या कुणामुळं शिकल्या नसतील, हेही. बाई मूळच्या शिरूरच्या. खुटबावजवळच्या आमच्या शाळेत बदलून आल्या, तेव्हापासून साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट आणि कमरेला घट्ट खोचलेला पदर, हा त्यांचा वेष ठरलेला. त्या शिकवायला निघाल्यात की भांडायला, हे तोंड उघडेपर्यंत कळायचं नाही, आणि उघडल्यावरही पुष्कळदा कळायचं नाही. सतराचा पाढा त्यांना फार प्यारा. एकदा गावात लग्न होतं. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड, आणि बाईंनी रस्त्यात उभं राहून हात वर केला. नवरदेव त्यांचाच जुना विद्यार्थी. "सतरा साते?" बाईंनी विचारलं. बँड थांबला. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारून "एकशे एकोणीस" म्हटलं, तेव्हा कुठं बाई बाजूला झाल्या. नवरीकडच्या मंडळींना ही आमच्या गावची रीतच वाटली असावी.

पण त्यांचा खरा चक्रमपणा वर्गाबाहेर दिसायचा. एखादी मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही, की तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी बाई तिच्या वावरात हजर. उपदेशाचं नावही नाही. "हिच्या जागी आज मी," एवढं म्हणायच्या आणि शाळेच्या घंटेपर्यंत राबायच्या. आमच्याकडं सावडीची पद्धत आहे. आज तुम्ही माझ्या वावरात राबायचं, उद्या मी तुमच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, पण दिवस फेडावाच लागतो, आणि जो फेडत नाही त्याच्या बांधावर पुन्हा कुणी फिरकत नाही. बाईंनी हीच सावड उचलली होती. काम संपलं की हात झटकून म्हणायच्या, "मी तुमच्याकडं आले, आता तुमची पोरगी माझ्याकडं." एकाच्या वावरात त्यांनी कांद्याची रोपं इतकी खोल लावली होती, की मालकानं दुसऱ्या दिवशी स्वतः मुलीला मोटारसायकलवर बसवून शाळेत पोचवलं. पुन्हा बाई नकोत, एवढीच त्याची इच्छा होती.

आठवी झाली आणि माझाही नंबर लागला. आईच्या कमरेनं दगा दिला, तिला वाकता येईना. आमची गुलछडी रोज पहाटे तोडून पुण्याच्या गाडीत घालावी लागायची. आप्पा, माझे वडील, म्हणाले, "बास झाली आता शाळा," आणि माझं दप्तर त्यांनी माळ्यावर टाकलं. मी रडले नाही. वस्तीवरच्या सगळ्याच थोरल्या मुलींचं असंच झालं होतं, त्यामुळं यात रडण्यासारखं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाई आल्या. बूट बांधावर काढले आणि चिखलात उतरल्या. आजची फुलं, उद्याच्या हिरव्या कळ्या, अख्खे दांडे, सगळं एकाच पाटीत. आई बांधावर बसून ओरडत होती, "अवो बाई, ह्या कवळ्या कळ्या कोण घेणार? माल नासला की माझा सगळा!" बाई नुसत्या हसायच्या आणि आणखी चार दांडे मोडायच्या. आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, तुम्ही खुर्चीवर बसणारं माणूस. लोक मला काय म्हणतील?"

"म्हणतील, आप्पांकडं सावडीला माणूस आलंय. फेडायचं कधी ते तुम्ही सांगा."

बाई आठ दिवस आल्या. कुणाची सावड बुडवली असं आप्पांबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी दप्तर खाली काढलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा. बाईंचे आठ दिवस फेडून ये. मग बघू." ते आठ दिवस काही फिटले नाहीत, कारण बाई दर रविवारी येऊन आणखी एक दिवस चढवून जायच्या. अशी दोन वर्षं गेली, मी दहावी पास झाले, आणि पुढच्या कॉलेजाला आप्पा स्वतःच सोडायला आले. आज मी रांजणगावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे.

बाई आता शिरूरला भाचीकडं असतात. गुडघे गेलेत, आवाज तोच. मागच्या महिन्यात भेटायला गेले. इतकी वर्षं मनात होतं ते बोलून टाकलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी आपणहून आला नसतात, तर माझं काय झालं असतं?"



"बाकी सगळ्यांकडं मी आपणहून गेले. तुझ्याकडं मला बोलावणं होतं."

"कुणाचं?"

"तुझ्या आईचं. कंबर धरत शाळेत आली होती. म्हणाली, 'मी बोलले तर मालक ऐकायचे न्हाईत. तुम्ही या. आन् मी तुम्हाला लई बोलंन, ते मनावर घिऊ नका.' कुणाला सांगायचं नाही, असं वचन घेऊन गेली."

आईला जाऊन तीन वर्षं झाली. ती मला यातलं एक अक्षर बोलली नाही. आमच्या वस्तीपासून शाळा चांगली दोन मैल. तेवढी वाट ती त्या दिवशी एकटी कशी चालली असेल, हे आता मी कुणाला विचारू?