भट्टीवाला एकोजी आणि तीस दिवसांचं माप

एकोजीचा कुणावरही विश्वास नव्हता. चोळपुरमहून कुंभकोणमला कामावर येताना तो बसचं तिकीट उलटसुलट करून त्यावरची तारीख तपासायचा. दुधात बोट बुडवून थेंब नखावर ठरतो का ते पाहायचा. गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात भजनाला बसला, तरी चपला पिशवीत आणि पिशवी काखेत. "तुम्हांस आस्क्यांवर संशय," त्याची बायको अंबाबाई म्हणायची. आस्की म्हणजे त्यांच्या तंजावरी बोलीत सगळे. "देवास तरी सोडा." त्यावर एकोजी शांतपणे सांगायचा, "देव चपला नाहीं नेत. भजनास येणारे नेतात." त्याचे पूर्वज म्हणे तंजावरच्या दरबारी होते. दरबार कधीच गेला, भाषा घरात राहिली, आणि एकोजीचं म्हणणं असं की सावध नाकही तिथूनच आलं.

बावीस वर्षं तो एका विणकर संघाच्या रंगशाळेत भट्टी सांभाळत होता. रेशमाचं सूत आधी साबणाच्या गरम पाण्यात घालून त्याचा चिकटा काढायचा, मग रंगाच्या पाण्यात बुडवायचं. त्यासाठी तांब्याच्या तीन मोठ्या कढया होत्या आणि खाली सुरूच्या लाकडांच्या चुली. पाणी खळखळून उकळलं तर सूत पिंजतं, थंड पडलं तर रंगाला डाग पडतात. भिंतीवर तापमापक टांगलेला होता, पण त्यावर एकोजी विश्वास कसा ठेवणार? तो कढईच्या आवाजावरून ओळखायचा. आणि तरीही ऐनवेळी पाणी निवेल अशी धास्ती असल्यामुळे दोन ओंडके नेहमी जास्तच सारायचा.

एका माणसाशी मात्र त्याचं जमायचं. फाटकावरचा रखवालदार त्यागराज. अठरा वर्षांची ओळख होती. दुपारी दोघं फाटकाजवळच्या बाकावर बसायचे, एकोजी साऱ्या जगावरचे संशय तमिळमधून भडाभडा बोलून दाखवायचा, आणि त्यागराज विडा चघळत "असेल, असेल" म्हणायचा. त्याला कशाचाच संशय यायचा नाही. एकोजीला ते वेडेपणाचं वाटायचं, पण तो बाक सोडून जेवायला दुसरीकडे कधी गेला नाही.

तर एके दिवशी संघाला पत्र आलं. संघाच्या निम्म्या साड्या घेणाऱ्या बंगळूरच्या बड्या व्यापाऱ्यानं कळवलं होतं की, आता परदेशी गिऱ्हाईक विचारतं, साडी बनताना धूर किती झाला? पुढच्या दोन वर्षांत तो कमी करून दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडून माल घेऊ. संघाचे सचिव चंद्रमौळी यांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी तंजावरहून एक इंजिनीअर बोलावली. नाव श्रीविद्या, वय तिशीच्या आत. ती वही घेऊन हसत हसत भट्टीपाशी आली आणि आडनाव ऐकताच घरच्या बोलीत म्हणाली, "मामा, तुम्ही आमचेच की!"

एकोजीच्या मनात पाल चुकचुकली. वही घेऊन हसत येणारा माणूस त्यानं आधी एकदा पाहिला होता. तेव्हा एकोजी पितळी भांड्यांच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथंही एक पाहुणा आला, कोळसा मोजला, कॉफी प्याला, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारली. तीन महिन्यांत विजेची भट्टी आली आणि अकरा माणसं घरी गेली. एकोजी त्या अकरांतला सहावा. आणि ही तर आपल्याच भाषेत बोलते, म्हणजे जास्तच जपायला हवं.

"आस्की लांकडें मोजणार काय?" त्यानं विचारलं.

"होय मामा. तीस दिवस. जसें रोज करात, तसेंच करा. बदल नोको."

"मग?"

"मग कळेल कोठे किती जातें. आधी मोजायचें. मग वाया जाणारें थांबवायचें. मग जें उरेल, त्यास लागेल तेवढेंच यंत्र. उलटें केलें तर पैसा बुडतो, धूर तसाच राहतो."

एकोजीनं यातलं एकच ऐकलं. यंत्र! जो जास्त लाकूड जाळतो तो घरी जातो, असा त्यानं सरळ हिशेब मांडला. दोन वर्षांनी तो निवृत्त होणार होता. या वयात दुसरी भट्टी कोण देणार? म्हणून त्यानं ठरवलं की या पोरीला इतका कमी आकडा दाखवायचा, की तिनंच वही मिटून परत जावं.

आणि काय सांगावं, माणूस पेटून उठला! दुसऱ्या दिवशी जुन्या पेट्यांच्या फळ्या ठोकून त्यानं तिन्ही कढयांना झाकणं केली, वर गोणपाट टाकलं. लाकूड बारीक फोडून चार दिवस उन्हात वाळवायला घातलं. आधी फिके रंग, मग गडद, असा क्रम लावला, म्हणजे दर रंगाला कढई रिकामी करून नवं पाणी तापवायला नको. शेवटच्या धुण्याचं कोमट पाणी फेकून न देता सुताच्या पुढच्या घाण्याला वापरलं. चुलीचं तोंड पत्र्यानं अर्धं झाकलं. बावीस वर्षांत हे सगळं त्याला सुचलेलं होतं, पण कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं आपणहून सांगितलं नव्हतं. आपली युक्ती दुसऱ्याच्या हाती द्यायला तो काय खुळा होता?

श्रीविद्या आठवड्यातून दोनदाच यायची. तिनं झाकणं पाहिली, पण ती रोजचीच असतील असं तिला वाटलं. रंगाऱ्यांना तिनं विचारलं असतं तर उलगडा झाला असता. नाही विचारलं, ही तिची चूक, आणि पुढं तिनं ती कबूलही केली. हे सगळं कशासाठी चाललंय, याबद्दल एकोजीनं मात्र महिनाभर कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. त्यागराजलाही नाही.

तिसाव्या दिवशी आकडा निघाला. रोजचं सरासरी लाकूड चारशे दहा किलो. एकोजी मनातल्या मनात मिशीवर ताव देत घरी गेला.

दोन दिवसांनी चंद्रमौळींनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. "एका कागदावर भट्टीत जळालेलं लाकूड," ते म्हणाले, "चारशे दहा. दुसऱ्यावर तीन वर्षांत ट्रकनं आलेलं लाकूड. दिवसाला सहाशेच्या वर पडतं. मधलं दोनशे किलो जातं कुठं?"

चंद्रमौळी त्यागराजकडे पाहत होते. लाकडाचं कोठार फाटकाला लागून होतं आणि त्याची किल्ली त्यागराजच्या कमरेला असायची. कुठंतरी पाणी मुरतंय, हे त्यांना म्हणे पहिल्यापासून वाटत होतं. श्रीविद्या म्हणाली, आकडे पुन्हा तपासूया, घाई नको. पण सचिवांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. तोवर उलगडा झाला नाही, तर रखवालदार घरी आणि कागद पोलिसांकडे.

आता एकोजीनं तिथल्या तिथं तोंड उघडायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. बरोबरच आहे. ते लाकूड कुठं गेलं हे सांगू शकणारा सबंध कुंभकोणमात तो एकटाच होता. पण तो गप्प बसला. आधी वाटली ती भीती: फसवून आकडा दाखवला म्हणून आपल्यालाच काढतील. आणि मग, बसमध्ये खिडकीशी बसल्यावर, भीतीच्या मागोमाग दुसरंच काही आलं. झाकणानं आणि वाळल्या लाकडानं वाचून वाचणार किती? पन्नास किलो. फार तर ऐंशी. दोनशे? शक्यच नाही. मग बाकीचं?

किल्ली त्यागराजकडे असते. त्यागराजच्या घरी अजून चूल आहे. गेल्या पोंगलला त्यानं घरावर नवी कौलं घातली, ती कशी? हा माणूस कशाचाच संशय घेत नाही, हेच मुळात संशयास्पद नाही काय? चोळपुरम येईपर्यंत एकोजीचं जवळजवळ ठरलं होतं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. अंबाबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

"झांकणें तुम्ही केलीं," ती म्हणाली. "तें आधी सांगा. चोर कोण, तें मग पाहा."

सोमवारी सकाळी त्यानं सांगितलं. चंद्रमौळींच्या समोर, श्रीविद्याच्या समोर, मान खाली घालून. झाकणं, लाकूड वाळवणं, फिक्याआधी गडद नाही, सगळं. ऐकून चंद्रमौळी हसले. "मित्राला वाचवायला निघालास होय? झाकणानं दोनशे किलो वाचतं काय?" एकोजीवर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि एकोजीला राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांना जे दिलं नाही, ते आपल्याला मिळालं नाही म्हणून आलेला राग. यावर हसावं की रडावं, हे बाजूला उभ्या असलेल्या रंगाऱ्यांनाही कळेना.

श्रीविद्या मात्र हसली नाही. तिनं वही उघडली. "मामा, झांकणें काढा. आज जुन्या रीतीनें करा. बावीस वर्षें केलें तसें. आम्ही वजन करूं." मग तिनं चंद्रमौळींना तमिळमध्ये समजावलं, की तिचा चारशे दहाचा आकडाच खोटा असेल, तर त्यावर बेतलेलं यंत्र अपुरं पडेल. धूर किती कमी झाला हे व्यापाऱ्याला दाखवायचं तर सुरुवात कुठून केली ते खरं हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत.

काटा अंगणात आणला. तेवढ्यात त्यागराज फाटकावरून आला. तीन दिवसांत तो वाळून गेला होता. तो सरळ एकोजीपाशी आला. "तू सांगितलंस, ऐकलं मी," तो म्हणाला. "आता काट्याची काय गरज? तुझा तर माझ्यावर विश्वास आहे. सांग त्यांना."

सगळे एकोजीकडे पाहू लागले. एकोजीनं काट्याकडे पाहिलं, मग चुलीकडे.

"वजन करून बघू," तो म्हणाला.

त्यागराज अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला, आणि पुढचे नऊ तास तिथून हलला नाही.

एकोजीनं झाकणं काढली. ओले, जाड ओंडके सारले. प्रत्येक रंगाला पाणी बदललं आणि धास्ती वाटेल तिथं दोन ओंडके जास्त, हेही अगदी प्रामाणिकपणे केलं. रंगशाळेत इतका धूर भरला की रंगारी डोळे पुसत बाहेर आले. इतकी वर्षं हा धूर होताच की, पण महिनाभर नव्हता, म्हणून आज तो सगळ्यांना दिसला. प्रत्येक भारा काट्यावर चढत होता आणि श्रीविद्या लिहीत होती. दुपारी दोनशे ऐंशी. चार वाजता चारशे सत्तर. आकडा वाढावा अशी एकोजीची इच्छा होती, आणि न वाढला तर त्यागराजवरच्या संशयात आपण बरोबर ठरू, असंही मनाच्या एका कोपऱ्यात होतं. तो कोपरा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा घाणेरडा वाटला.

शेवटचा भारा चढला. सहाशे चार.

चंद्रमौळींनी चष्मा काढून पुसला आणि त्यागराजला म्हणाले, मनात ठेवू नकोस. श्रीविद्यानं तिथंच सांगितलं की योजनेचा पहिला टप्पा ठरला: एकोजीमामांची झाकणं, नीट लोखंडाची आणि आत उष्णता अडवणारा काचेचा कापूस भरलेली; लाकडाला छप्पर; रंगांचा क्रम. एक तृतीयांश धूर यंत्राशिवाय गेला. मग उन्हावर पाणी तापवायचं, आणि शेवटी, उरलेल्यासाठी, यंत्र. "हें शिकवणारा माणूस लागेल मामा," ती म्हणाली. "तुम्हांस कोण घरी धाडतो?"

नोकरी वाचली होती. बावीस वर्षांत कुणी दिला नव्हता असा मान मिळाला होता. पण एकोजीचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो अंगणाच्या कडेला गेला.

"सहाशे चार आलं," त्यागराज म्हणाला. "पाचशे आलं असतं तर?"

कुणी काहीही म्हणो, त्या क्षणी खोटं बोलणं सोपं होतं. 'तरी मला ठाऊक होतं,' एवढंच म्हणायचं, आणि त्यागराजनं ते मानलंही असतं, कारण तो सगळंच मानायचा.

"तर मी तुला चोर समजलो असतो," तो म्हणाला.

त्यागराजनं मान हलवली. कमरेची किल्ली सोडवून त्यानं ती एकोजीच्या राखेनं भरलेल्या हातात ठेवली. "मग उद्यापासून कोठार तूच उघड," तो म्हणाला, आणि फाटकाकडे गेला.