उजवा कान

बारामतीत तीस वर्षं पंपांचे सुटे भाग विकून चिंतामणरावांनी १९९२ साली दुकान मुलाच्या हवाली केलं आणि ठशाची चित्रं गोळा करायला घेतली. चित्रकार लाकडात चित्र कोरतो, त्यावर शाई फिरवून हातानं कागदावर उमटवतो आणि मोजक्याच प्रती काढतो. "आता भिंत उरली नाही," असं पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या, तेव्हा ते चित्रं एसटीत घालून गावोगावच्या शाळांत मांडू लागले.

१९९६च्या जानेवारीत सणसरच्या शाळेत नातीला न्यायला आलेल्या प्रयागबाई एका चित्रापुढं थबकल्या. खांद्यावर कोकरू घेतलेली बाई होती. खाली पेन्सिलीनं साल घातलं होतं, १९८१.

"ही माझी धाकटी भन हाय. नकोशी."

नकोशी १९६८ साली नीरेच्या पुरात गेली होती. काठावर नुसतं लुगडं सापडलं. घरच्यांनी तिचे दिवसही घातले होते.

"चेहरे सारखे असतात, बाई," चिंतामणराव समजुतीनं म्हणाले.

प्रयागबाईंनी चित्रातल्या कानाच्या फाटक्या पाळीवर बोट ठेवलं आणि त्याच गोंधळल्या. "पर तिचा डावा कान फाटला हुता. हितं उजवा हाय. न्हाय, ही ती न्हाय."

चिंतामणराव चित्राजवळ सरकले. "बाई, ठसा उलटा उमटतो. समोरच्या माणसाचा डावा कान कागदावर उजवा दिसतो."

प्रयागबाईंनी पुन्हा त्या पाळीवर बोट ठेवलं.

चिंतामणरावांनी चित्रकाराला पत्र टाकलं. पंधरवड्यानं उत्तर आलं, महाडजवळच्या एका वाडीत ही बाई दूध घालायची. ते प्रयागबाईंना घेऊन तिथं गेले. गोठ्यातून एक बाई वैरणीचा भारा घेऊन बाहेर आली आणि तो तिच्या हातून सुटला.

"तू वाहून गेलीस न्हवं गं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"एक लुगडं काठावर टाकलं आन् चालत सुटले. नवरा जीव घील, असं तुला सांगितलं हुतं मी, आक्का. तू म्हणालीस, गप नांद."

नकोशीनं पाणी आणलं. परत चला, असं कुणी कुणाला म्हणालं नाही.

परतीच्या एसटीत भोर मागं पडल्यावर प्रयागबाई म्हणाल्या, "म्हणाले हुते मी तसं. आन् इसरले बी."

ते चित्र चिंतामणरावांनी अकरा गावांत दाखवलं होतं आणि दर वेळी बाईचा कान सोडून फक्त कोकराच्या लोकरीच्या रेघा समजावल्या होत्या.