निळ्या पट्ट्यांच्या माश्या

आश्विन लागला की आमच्या टेकडीवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, आणि त्यावर निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या येतात. या माशीचा एक तरी स्पष्ट फोटो मिळावा म्हणून मी तीन वर्षं घालवली. ती एका फुलावर दोन सेकंदसुद्धा टिकत नाही. छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आणावा, तर छत्तीसही फोटोंत नुसतं फूल.

चौथ्या वर्षी मला त्या झोपलेल्या सापडल्या. उन्हं यायच्या आधी, तेरड्याशेजारच्या वाळक्या काडीला जबड्यांनी घट्ट धरून सहा माश्या ओळीने लटकल्या होत्या. त्या रोज त्याच काडीवर झोपायला येतात. माझा रोल नेमका आदल्या दिवशी संपलेला. तरी आनंदाच्या भरात मी आमच्या छायाचित्र मंडळातल्या एका सभासदाला ती जागा सांगितली. मूर्खपणाच तो.

दुसऱ्या दिवशी नवा रोल घालून मी वर पोचले, तर काडी बुडातून मोडलेली आणि तो सभासद कॅमेरा पिशवीत भरत होता.

"फोटो झाला आणि टाकली मोडून," तो हसत म्हणाला. "आता पुण्यात हा फोटो फक्त माझ्याकडे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाने मात्र मी "वा" म्हटलं.

मंडळाच्या प्रदर्शनात फोटोंखालच्या चिठ्ठ्या मी लिहायची, अक्षर चांगलं म्हणून. कुणाचं काही चुकलं असेल तर लिहिता लिहिता सुधारूनही द्यायची. त्याने सांगितलं, "लिहा, राणी आणि तिच्या दासी." या माश्यांत राणी नसतेच. काडीवर झोपतात ते नर, माद्या जमिनीतल्या बिळात. हे मला पाठ होतं. मी वळणदार अक्षरात लिहिलं, राणी आणि तिच्या दासी.

उद्घाटनाला कीटकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. चिठ्ठी वाचून ते शांतपणे म्हणाले, "अहो, हे सगळे बाप्ये आहेत. यातली राणी कोणती, जरा दाखवता का?" सगळा हॉल हसला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो तणतणत माझ्याकडे आला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग आत्ताच्या आत्ता दुसरी चिठ्ठी करा. आणि खरं काय ते लिहा."

मी लिहिलं, "झोपलेले नर. फोटो काढून झाल्यावर छायाचित्रकाराने ही काडी मोडली." शाई वाळू दिली, आणि त्याच्या हातात न देता स्वतः जाऊन टाचणीने लावली. प्रदर्शन अजून चार दिवस चालणार होतं.