एजन्सीच्या सिस्टममध्ये नसलेली गाडी

परवा रविवारी सकाळी तुबलीतल्या एका कार एजन्सीच्या गेटबाहेर मी आणि माझी इलेक्ट्रिक गाडी, दोघी ढिम्म उभ्या होतो. गाडी रिकव्हरी ट्रकवरून आणलेली… चार्ज संपलेला. माझाही जवळपास संपलाच होता.

इथे बहरैनमध्ये नसणाऱ्यांसाठी सांगते. गाडी बनवणारी कंपनी इथे स्वतः दुकान उघडून बसत नाही. तिची इथली एजन्सी असते, तीच विकणार आणि तीच सर्व्हिसिंग करणार. मला हवं असलेलं मॉडेल तेव्हा एजन्सीकडे नव्हतं, म्हणून सलमाबादच्या एका इम्पोर्टरकडून थेट चीनमधून आलेली गाडी घेतली. स्क्रीनवर निम्मी अक्षरं चिनी, चार्जिंगला वेगळा अडॅप्टर… पण माझी पहिली गाडी, माझ्या नावावर.

सासूबाई साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आल्यात. मी त्यांना आईच म्हणते. दसऱ्याला गाडीची पूजा करायची ठरली, पण सासरे गेल्यापासून आई हळदीकुंकवाच्या ताटाला हात लावत नाहीत. मी हट्टाला पेटले. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाले की "रडू नकोस, परत दे" म्हणून फोनवर दटावणाऱ्या त्याच होत्या. मग या गाडीला कुंकू दुसऱ्या कुणी का लावायचं?

खूप आढेवेढे घेऊन त्या तयार झाल्या. बॉनेट उघडलं तर आत इंजिनच नाही. "मग पूजा कशाची करायची गं?" असं म्हणून आई गाडीभोवती फिरल्या आणि शेवटी चार्जिंगच्या झाकणापाशी थांबल्या. गाडीत जीव इथूनच येतो ना, मग इथेच. ओलं हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल… सगळं साग्रसंगीत. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा फुललेला पाहिला.

आणि दोन-तीन दिवसांत गाडीने चार्ज घेणं बंद केलं.

आई एवढंच म्हणाल्या, "माझा हात नको, म्हटलं होतं तुला." त्यानंतर त्या गाडीकडे फिरकल्याच नाहीत. माझ्या लेकीला शाळेतून आणायला मी कुणाची तरी लिफ्ट मागत ईसा टाउनला जायचे आणि त्या खिडकीतून बघत बसायच्या. महिनाअखेरीला त्यांचं परतीचं तिकीट. गाडी विकावी लागली असती तरी मी एकवेळ सोसलं असतं हो… पण हे असलं ओझं मनावर घेऊन त्यांनी घरी जायचं?

मग सुरू झाली माझी वणवण. इम्पोर्टर म्हणाला, बॅटरीचा प्रॉब्लेम आहे, चीनमधून चेक करावं लागेल, इंशाल्ला नेक्स्ट वीक. कंपनीला ईमेल केला, तर उत्तर आलं की तुमच्या देशातल्या एजन्सीशी संपर्क साधा. एजन्सीला फोन केला तर, मॅडम, ही गाडी आमच्याकडून घेतलेली नाही. तिघेही अतिशय नम्र. कुणी भांडलं असतं तरी बरं वाटलं असतं. नवऱ्याने तर "विकून टाक, खलास" म्हणून विषयच संपवला.

म्हणून परवा थेट गाडीच नेऊन उभी केली. काउंटरवर मरियम नावाची बहरैनी मुलगी होती. तिने नंबर टाकला, मान हलवली. "सिस्टर, सिस्टममध्ये गाडी नाही. दुरुस्तीचं जॉब कार्ड उघडता येत नाही."

मला भांडायचं होतं. पण डोळेच भरून आले. गाडीचं सोडून मी तिला आईंचंच सांगत बसले… नवरा गेलेल्या बाईने पूजा करू नये असं आमच्याकडे मानतात, त्यांना वाटतंय त्यांच्यामुळेच गाडी बंद पडली, वगैरे. मरियम खुर्चीवरून उठली. मग म्हणाली, "बघायला जॉब कार्ड लागत नाही. यल्ला, चल बाहेर."

बाहेर येऊन तिने चार्जिंगचं झाकण उघडलं, मोबाइलचा टॉर्च मारला. "हे लाल काय आहे?"

कुंकू. रोज झाकण उघडत होते, रोज ते मला दिसत होतं. पण कुंकवाला घाण समजून पुसावं, हे माझ्या डोक्यातच येईना. मरियमने पर्समधून मेकअपचा ब्रश आणि भुवयांचा चिमटा काढून माझ्या हातात दिला, कारण तिला गाडीला हात लावायची परवानगी नव्हती. वाळलेली हळद खरवडून निघाली आणि पार आतून, प्लग नीट बसू न देणारा, तांदळाचा एक दाणा. अक्षता…

मला हसावं की रडावं कळेना. मरियम म्हणाली, "माझ्या आईने माझ्या नवीन गाडीत बखूरचा, आमच्या धुपाचा, धूर फिरवला होता. निखारा पडला, सीटला भोक. अजून तशीच चालवते." गेटबाहेरच्याच व्हिजिटर पार्किंगमधल्या चार्जरला अडॅप्टर लावला आणि हिरवा दिवा लागला.

घरी जाताना एकच विचार… आईंना सांगू काय? गाडी खरोखर त्यांच्याच अक्षतेने अडली होती. दारातच त्यांनी विचारलं, "काय निघालं गं?"

"सॉफ्टवेअर, आई. चीनमधून अपडेट यायचा राहिला होता."

"म्हणजे कंपनीचीच चूक," आई म्हणाल्या. चपला घालून खाली आल्या आणि त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. मग पुढच्या सीटवर बसून म्हणाल्या, चल, पोरीला आणू.

मरियम, तुझ्या सिस्टममध्ये आम्ही नाही, पण आमच्या घरात परवापासून तुझं नाव सारखं निघतं. आणि वन्सं, तुम्ही ही पोस्ट वाचणारच… आईंना मात्र वाचून दाखवू नका. पुढच्या दसऱ्यालाही ताट त्यांच्याच हातात असणार आहे. कुंकू फक्त स्टिअरिंगला.