मधूचा पांढरा मुखवटा

फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. लंडनच्या कडेच्या आमच्या हॅरोत रविवारी सकाळी दुधाच्या बाटल्यांच्या किणकिणाटाशिवाय कसला आवाज नसतो, त्यामुळे फोनची घंटा जरा जास्तच कर्कश वाटली. पलीकडे लेस्टरहून नलिनीवहिनी होत्या. आवाज अगदी स्वच्छ, बातम्या वाचाव्यात तसा. "भाऊजी, हे गेले. चहा हवा म्हणाले, मी करून आणला तोवर…"  फोन ठेवला आणि उरलेली अर्धी दाढी करायला गेलो, कारण तसल्या तोंडाने लेस्टरच्या गाडीत कसं बसणार? जिवलग मित्र गेल्याचं कळल्यावर माणूस आधी साबण पुसतो. मधूला हे सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता, आणि आता सांगायला मधूच नाही, हे मला तिथे आरशासमोर पहिल्यांदा नीट कळलं.

मधू म्हणजे डॉ. मधुकर रिसबूड. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती आयाबायांचा 'रिसबूडभाई', त्यांच्याच भाषेत त्यांना दटावणारा, पन्नाशीही न गाठता गेलेला एकडोळ्या डॉक्टर. खडकीच्या मैदानावर ज्यांनी हॉकी पाहिली आहे, त्यांतल्या काही जुन्या वाचकांना तो गोलकीपर म्हणून आठवत असेल. माझी त्याची ओळख इथली. साठीच्या दशकात आम्ही दोघं हॅरोतल्या एका घरात एकाच खोलीत भाड्याने राहत होतो. मी एका कारखान्यात ड्रॉइंगं काढायचो आणि तो हॉस्पिटलात जबडे आणि चेहरे दुरुस्त करणाऱ्या विभागात शिकत होता. मोटारसायकलवरून पडलेले, शनिवारी पबबाहेर एकमेकांना भिडलेले, असे सगळे त्याच्याकडे यायचे. "सद्या, अरे कपबशी चिकटवावी तशी माणसाची तोंडं चिकटवतो मी," असं तो अभिमानाने सांगायचा. त्याचे हात खरोखरच चांगले होते. त्याचे साहेब, म्हणजे विभागातले मुख्य सर्जन, कुणाची सहसा स्तुती करत नसत, पण याला ते अवघड केसेस देत. दोन-तीन वर्षांत तो स्वतः मोठा सर्जन होणार, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो.

अशा माणसाने स्वतःचं तोंड कुठे घालावं? तर बर्फावरच्या हॉकीत! ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पायांत स्केट्स बांधलेली दांडगी माणसं एकमेकांवर आदळत असतात आणि चेंडूऐवजी अनारशाएवढी, इंचभर जाड, टणक रबराची चकती असते. तिला पक म्हणतात. ती जमिनीलगत येते तेव्हा ठीक, पण उडते तेव्हा सरळ तोंडावर येते. हॉस्पिटलातले काही लोक, एक गॅरेजवाला, एक कॅनडाचा विमानदलातला माणूस असा त्यांचा हौशी संघ होता आणि गोलमध्ये उभं राहायला कुणी धजत नव्हतं. याने कुठेतरी खडकीच्या बढाया मारल्या आणि पकडला गेला. पहिला हिवाळा त्याने पडण्यातच घालवला. मी स्वतः एकदाच बर्फावर पाय ठेवला आणि पुन्हा कधी त्या वाटेला गेलो नाही, पण मधूला मात्र वेड लागलं. तेव्हा गोलकीपरसुद्धा बहुतेक उघड्या तोंडानेच खेळत. ओठाला टाके पडले, भुवई फुटली, शेवटी नाक मोडलं, तेव्हा साहेबांनी त्याला खोलीत बोलावून सांगितलं, एकतर तोंड झाक, नाहीतर खेळ सोड.

तोवर मधूचं लग्न झालं होतं आणि नलिनीवहिनी इकडे आल्या होत्या. नवऱ्याचं फुटकं नाक बघून त्या चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग तोंडावर घालायचं काय, यावर त्यांच्या स्वयंपाकघरात एकदा खल झाला. साहेबांनी त्याला नीट समजावून दिलं होतं आणि त्याने ते मला वाटी आणि चाळणी घेऊन समजावलं. एक असतो फायबरग्लासचा मुखवटा, चेहऱ्याचा साचा घेऊन केलेला, कातडीला चिकटून बसणारा. त्याने कातडी फाटत नाही, पण मार थेट हाडात जातो. शिवाय त्याला डोळ्यांसाठी भोकं ठेवावी लागतात. लहान ठेवली तर पायाशी आलेला पक दिसत नाही, मोठी ठेवली तर पकाची कड आत शिरते. दुसरी तारेची जाळी, शिरस्त्राणाला जोडलेली, चेहऱ्यापासून चार बोटं लांब. "मधली ही हवा आहे ना, ती खरी वाचवते," मधू चाळणी तोंडासमोर धरून म्हणाला. गॅरेजवाल्या मित्राने त्याला तशी जाळी जोडून दिली. ती दिसायला उंदराच्या सापळ्यासारखी होती, पण वहिनी खूश होत्या.

नंतर उत्तरेकडच्या एका गावात सामना होता. आम्ही तिघं गाडीने गेलो. वहिनींनी तोवर सामना कधी पाहिला नव्हता. डबा, थर्मास, दोन शाली असा सगळा जामानिमा घेऊन त्या कठड्याजवळ बसल्या. थोड्या वेळाने मधूच्या गोलमागच्या बाकांवरून काहीतरी बारीक बारीक उडत बर्फावर पडायला लागलं. वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, भाऊजी, अक्षता टाकतात तसं काहीतरी करतायत का हो? यांना चांगलंच ओळखतात वाटतं इथे!" ते खारे शेंगदाणे होते. मग आवाज सुरू झाले. माकडाचे आवाज… एकाने सुरू केले, मग दहाबारा जणांनी, मग लहान पोरांनीही. जाळीआडचा तो सावळा चेहरा बघून त्यांना प्राणिसंग्रहालय आठवलं होतं. वहिनींच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या इंग्रज बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मान खाली घातली, तेव्हा वहिनींना समजलं. त्यांच्या हातातला थर्मास तसाच उघडा राहिला. मधू गोलमध्ये वाकून उभा होता, एकदाही मागे वळला नाही.

परत येताना गाडीत वहिनींनी विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं का हो काही? मागचे लोक काय ओरडत होते ते?"

"छे गं," गाडी चालवता चालवता मधू म्हणाला, "त्या हेल्मेटमध्ये आणि स्केट्सच्या करकरीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. काय ओरडत होते?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतर दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला. भुवयांत आणि कानांच्या मागे पांढरं प्लास्टर अडकलेलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "साचा घेतला चेहऱ्याचा. लॅबमधल्या दोस्ताने मदत केली." मी चिडलो. मी म्हटलं, अरे, साहेबांनी कंठशोष करून सांगितलं, तूच मला चाळणी धरून शिकवलंस, तुझ्या डोळ्यांवर तुझं पोट आहे आणि आता हे काय? तो बराच वेळ टेबलावर बोटाने रेघा ओढत बसला. "साहेबांचं बरोबर आहे रे. जाळीच बरोबर आहे. पण सद्या, जाळीतून माझं तोंड दिसतं."

"म्हणजे तुला ऐकू येत होतं?"

"गोलकीपरला दुसरं काम काय असतं? निम्मा वेळ उभं राहायचं आणि ऐकायचं. शब्दन् शब्द ऐकू येतो. नलिनीला मात्र बोलू नकोस, ती परत कधी येणार नाही बघायला."

खेळच सोड म्हटलं तर म्हणाला, "त्यांनी घालवलं म्हणून जाऊ?"  मला त्याचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर तो राग, माणूस गेल्यावरही, गेलेला नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने मुखवटा आणि जाळी दोन्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि बायकोला म्हणाला, "तू सांग, काय घालू?" मुखवटा गुळगुळीत, पांढराशुभ्र. तो घातला की आतला माणूस कोणत्या रंगाचा आहे, हे देवालाही कळलं नसतं. वहिनींनी जाळीकडे पाहिलंसुद्धा नाही. "हा," म्हणाल्या. मग आत जाऊन काजळाची डबी आणली आणि तान्ह्या बाळाला लावतात तशी मुखवट्याच्या डाव्या गालावर ठसठशीत तीट लावली. संघातल्या लोकांना ती फार आवडली. त्यांनी वरून वार्निश मारून ती पक्की करून टाकली. वहिनींनी जाळी म्हटलं असतं तर त्याने जाळी घातली असती का? मी हे पुष्कळदा मनात घोळवलं आहे. मला ठरवता येत नाही.

पुढचा हिवाळा चांगला गेला. मुखवट्यामागचा माणूस कोण, हे परगावी कुणाला कळत नसे. वहिनी प्रत्येक सामन्याला जायच्या, थर्मास घेऊन. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, घरच्याच मैदानावर, नेहमीच्या सरावात, पक उडाला आणि त्याची कड डाव्या डोळ्याच्या भोकात शिरली.

डोळा राहिला, पण नजर गेली. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. बारीक टाके घालणाऱ्याला तो यावाच लागतो. साहेबांनी स्वतः त्याला सांगितलं आणि सांगताना रडले म्हणतात. मधूने सर्जरी सोडली, लेस्टरला जीपी, म्हणजे वस्तीतला फॅमिली डॉक्टर झाला आणि चांगला झाला. पण त्या घरात एक गोष्ट कायमची येऊन बसली. वहिनी अधूनमधून, पोळ्या करता करता, पाहुण्यांसमोर, कुठेही, एकदम म्हणायच्या, "मीच निवडला हो तो. यांनी दोन्ही पुढ्यात ठेवली होती." मधू लगेच म्हणायचा, "तू नाही गं, पकाने निवडला." सगळे हसायचे. वहिनी हसायच्या नाहीत. आणि मधू त्यांना खरं सांगायचा नाही. मी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "काय सांगू? मला ऐकू येत होतं म्हणून? एक ओझं काढून दुसरं देऊ?"

दिवस उरकल्यावर मी लेस्टरला पुन्हा गेलो. दुपारची वेळ होती. वहिनी चहा ओतत होत्या आणि किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवून ओतत होत्या. ती मधूची सवय, अंदाज येत नाही म्हणून लागलेली. वहिनींचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, पण इतकी वर्षं बघून बघून त्यांच्याही हाताला ती लागली असावी. कपाटावर मुखवटा होता. वार्निश पिवळं पडलंय, तीट मात्र तशीच काळी. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"डाव्या गालावर तीट लावली आणि डावाच डोळा गेला," त्या म्हणाल्या. "भाऊजी, हे कधी रागावले नाहीत हो माझ्यावर. एकदा तरी रागवायला हवं होतं. मी निवडला…"

मला राहवलं नाही. मधूला दिलेला शब्द मधूबरोबर गेला, असं मी मनाशी ठरवलं. बरोबर की चूक, देव जाणे. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही नाही निवडला. साचा त्याने आधीच घेतला होता. जाळी चांगली, हे त्याला पक्कं माहीत होतं, साहेबांनी सांगितलं होतं. त्या सामन्यानंतर त्यानेच ठरवलं होतं. तुम्हाला विचारलं ते नुसतं विचारलं."

मला वाटलं त्यांना हलकं वाटेल.  त्या उठल्या, कपाटावरून मुखवटा काढला आणि मांडीवर घेऊन बसल्या.

"म्हणजे यांना ऐकू येत होतं," त्या म्हणाल्या.

 चहा निवत होता. त्या मुखवट्याला डोळ्यांची भोकं आहेत, नाकाची आहेत, तोंडापाशी एक फट आहे. कानांच्या आधीच तो संपतो. जिथे तो संपतो, तिथे, दोन्ही बाजूंना, वहिनींनी आपले तळवे घट्ट दाबून धरले होते.